भुंग्याची गुरगुर

कुत्र्याचं नाव भुंग्या पडलं ते त्याच्या आवाजामुळे. भुंकायचा कमी, गुरगुरायचा फार. घशातल्या घशात, बारीक, न थांबणारी गुरगुर. आणि हे ध्यान नेमकं शिवणकाम चालणाऱ्या घरात. सूनबाईनं टेप घेऊन गिऱ्हाइकाच्या खांद्याला हात लावला, की मशीनखालून हा सुरू. गिऱ्हाईक बिचारं पोट आत ओढून, श्वास रोखून उभं राहायचं. मग कपडा घट्ट झाला म्हणून तेच गिऱ्हाईक चार दिवसांनी भांडायला यायचं.

"हे माझ्यावर सोड," सासरे म्हणाले. त्यांचा उभा जन्म कारखान्याच्या फाटकावर पहारा करण्यात गेला होता. फाटक सुटलं, करडा आवाज काही सुटला नाही. कापडाच्या टेबलावरची लाकडी पट्टी त्यांनी उचलली, आणि भुंग्या गुरगुरला रे गुरगुरला की नाकाडावर एक ठेवून द्यायचे. जोरात नाही मारायचे, पण चुकायचेही नाहीत.

सुनेचा जीव कळवळायचा. "नुसत्या मारानं कसं होईल, बाबा? गप्प बसला तर काहीतरी द्यायलाही हवं ना."

"दे की. तू लाड कर, मी धाक दाखवतो. पोरं अशीच वाढवली आम्ही."

मग मशीनशेजारी एक डबी आली. त्यात उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे. गिऱ्हाईक आलं आणि भुंग्या गप्प राहिला, की "शाब्बास" आणि एक तुकडा. सासऱ्या-सुनेचं एरवी मीठ कमी-जास्त होण्यावरूनही वाजायचं, इथं मात्र दोघांची जोडी जमली. बघता बघता गुरगुर बंद झाली. आल्यागेल्यासमोर सासरे मुद्दाम त्याची शेपटी ओढून दाखवायचे. भुंग्या हूं की चूं करायचा नाही. ताठ बसायचा आणि सुनेच्या हाताकडे बघायचा. तीही कौतुकानं फुगली होती, खोटं कशाला बोला.

वर्षाची सुई टोचायला जनावरांचे डॉक्टर घरी आले. त्यांनी भुंग्याचा जबडा धरला आणि विचारलं, "हा गुरगुरत नाही?"

"नाव काढत नाही," सासरे मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. "मोडली सवय."

डॉक्टरांनी हात काढून घेतला. सावकाश, भुंग्यावरची नजर न काढता.

"अंग बघा कसं आखडलंय," डॉक्टर म्हणाले. "जीभ सारखी ओठांवरून फिरतेय. राग आहे तिथंच आहे. गुरगुरून तो तुम्हाला सांगत होता, लांब व्हा. ते सांगणंच तुम्ही बंद केलंत. आता हा न सांगता चावेल."

डॉक्टरांची पाठ वळल्यावर सासरे म्हणाले, "जनावरांना भिणारा माणूस जनावरांचा डॉक्टर कशाला झाला कोण जाणे."

सुनेला हसू आलं नाही. पुढच्या आठवड्यात नणंद माहेरी यायची होती, आणि नणंदेची मुलगी नुकती रांगायला लागली होती. दिसेल ते धरायचं आणि उभं राहायचं, असं तिचं वय. "ताई असेपर्यंत भुंग्याला दुसरीकडे ठेवू या," तिनं सुचवून पाहिलं. सासरे उखडले. घरचं कुत्रं परक्याच्या दारात बांधायचं, म्हणजे एवढी मेहनत घेतली ती काय झक मारायला?

दुपारी सासरे आडवे झाले की ती भुंग्यापुढे बसायची. पट्टी तिनं कपाटामागे टाकून दिली होती. कलेजीचा तुकडा एका हातात, दुसऱ्या हातानं त्याचा पंजा दाबायची. त्याला आवडत नाही हे तिला ठाऊक होतं. "गुरगुर रे, राजा. एकदा तरी गुरगुर. मी काही करणार नाही." भुंग्याचं अंग आखडायचं, डोळ्याचं पांढरं दिसायचं, जीभ ओठांवरून फिरायची. आवाज मात्र नाही. तो तुकड्याकडे बघत राहायचा. इतके दिवस ती मनातून पट्टीला दोष देत होती. पण पट्टी तर आता नव्हती, आणि गप्प तो अजूनही होता, कलेजीसाठी. तिला स्वतःची शिसारी आली.

नणंद आली त्या सकाळी तिनं भुंग्याला मागच्या दाराशी बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली आणि चहा टाकला. कप भरून बाहेर येते तर सासऱ्यांनी त्याला सोडून आणलेला. बैठकीच्या खोलीत भुंग्या ताठ बसलेला, समोर छोटी.

"आमची शिस्त बघ," सासरे लेकीला सांगत होते. "कान ओढू दे, तोंड उघडायचा नाही."

नणंदेनं फोटोसाठी फोन वर धरला. छोटीनं भुंग्याचा कान मुठीत पकडला आणि त्याला लोंबकळून उभी राहायला लागली. बापलेक खळखळून हसली. सुनेनं फक्त कुत्र्याकडे बघितलं. तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि डोळ्याचं पांढरं दिसत होतं.

ओरडावं तर या घरात ओरड्यामागून मार येतो, हे भुंग्याला पाठ होतं. कप दारातच ठेवून ती न बोलता पुढे गेली, खाली बसली, आणि छोटीचा चेहरा आणि भुंग्याचं तोंड यांच्यामध्ये तिनं आपला उजवा हात घातला.

आवाज झालाच नाही. नणंद अजून फोनमध्ये बघून हसत होती. फरशीवर रक्त पडलं तेव्हा तिला कळलं, आणि तिनं मुलीला झडप घालून उचललं. सासरे टेबलावर पट्टी चाचपत होते.

भुंग्यानं हात सोडला. दोन पावलं मागे सरकून तो ताठ बसला, शिकवलं होतं तसा. एवढं होऊनही घशातून त्यानं हूं काढलं नव्हतं. आणि आता सुनेच्या दुसऱ्या हाताकडे बघत, तो तुकड्याची वाट पाहत होता.