हायड्रोजनची मशीन आणि विल्माचा पंप

मी हायड्रोजनची मशीन बोलतेय. घाईत बोलतेय, कारण दारात रुडॉल्फ उभा आहे आणि तो मला न्यायला आलाय.

माझं काम साधं. पाण्यात वीज सोडायची, त्यातून निघालेला हायड्रोजन नळीने नाकापर्यंत पोचवायचा. दमा बरा करते, असं मी कधीच म्हटलं नाही. म्हणाला तो भाईंदर पूर्वेचा विक्रेता. "आंटी, ये लगाया तो पंप-वंप भूल जाओ!" आणि पाली गावात सुकी मासळी विकणाऱ्या विल्माने दम्याचा पंप खरंच कपाटात टाकला.

रोज अर्धा तास ती माझी नळी लावून बसायची. तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू यायची. पंप घे, विल्मा, पंप घे! पण मला तोंड कुठे? बिघाड झाला तरच मी टीं टीं करू शकते. आणि बिघाड काही होत नव्हता.

एका दुपारी माझं शुद्ध पाणी संपलं. विल्माने क्रुसाखालची बाटली उचलली. चर्चमधून आणलेलं, मीठ घालून आशीर्वाद दिलेलं पाणी. तिने ते भक्तीने माझ्यात ओतलं. मीठ मला सोसत नाही. लाल दिवा लागला आणि मी जीव तोडून ओरडले.

तिची लेक मिशेल धावत आली आणि आईच्या हातातली बाटली बघून हसली. "मम्मी, तुझी मशीन फादरच्या पाण्याला घाण म्हणते गं!"

हसता हसता ती थांबली. विल्माचे ओठ निळे पडले होते.

"पंप कुठं हाय? मम्मी, पंप!"

पंप सापडला. मग रिक्षा, मग दवाखाना. विल्मा वाचली. तेव्हापासून पंप तिच्या कमरेला असतो आणि मी कोपऱ्यात.

आणि आज हा शेजारी रुडॉल्फ! "विल्मा, तुला नको तं मला दे. शुगरच्या गोळ्या बंद करायच्या हायत."

मला धडकी भरलीय. रुडॉल्फ पाणी बरोबर भरेल. मी ओरडणार नाही. आणि रक्तातली साखर वाढताना शिट्टीसुद्धा वाजत नाही.

विल्मा उठली. मासे कापायची सुरी घेऊन माझ्याजवळ आली.

"गोळ्या खा, मेल्या," असं म्हणत तिने माझी वायर कापली.

नळी राहिलीय, विल्मा. तीही काप.