मामांचा आवाज मामांना परत

मित्रांनो, मी एक जुना गेटवे आहे आणि मी कोणालाही माफ केलेले नाही. हे आधीच सांगून टाकतो. फुटक्या पाटीची, मोडक्या छत्रीची आत्मवृत्ते तुम्ही वाचली असतील. शेवटी त्यांचा गळा दाटून येतो आणि ती सगळ्यांना आशीर्वाद देतात. मला गळा नाही. मला फक्त झरोके आहेत, आणि त्यांत धूळ बसली आहे.

गेटवे म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मी वहीएवढी चपटी पेटी आहे. माझ्या एका अंगाला तांब्याच्या जुन्या टेलिफोन लाइनी लागतात, दुसऱ्या अंगाला इंटरनेटची केबल. तारेतून माणसाचा आवाज लाटेसारखा येतो. इंटरनेटला लाट कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून मी लाटेचे बारीक तुकडे करून त्यांचे आकडे करतो, आणि पलीकडून आलेल्या आकड्यांची पुन्हा लाट करतो. मला दुभाष्या म्हणा. दुभाष्याला सगळे ऐकावे लागते, आणि ऐकलेले सगळे पुढे पोहोचवावे लागते. माझे दुःख तिथूनच सुरू होते.

मला बसवले ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात. तळमजल्यावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत मालकांच्या पत्नीचे, म्हणजे मामींचे टेबल, आतल्या खोलीत मालकांचे. लिफ्टमध्ये कोणी अडकले की तो मामींना फोन करी. तो नंबर गावातल्या कितीतरी लिफ्टमध्ये पत्र्यावर कोरलेला होता, त्यामुळे तो बदलणे शक्य नव्हते. पण कार्यालयातले फोन तर इंटरनेटवर न्यायचे होते, म्हणजे मेकॅनिक कुठेही असला तरी फोन त्याच्यापर्यंत जावा. जुनी तार आणि नवे फोन यांची गाठ मारायला मी आलो.

ही गाठ मारली मालकांच्या भाचीने. ती नुकतीच शिकून बाहेर पडली होती. मालकांना मी मामाच म्हणतो, कारण मला जिने उभे केले तिचे नाते तेच माझे नाते. मामांनी तिला शब्द दिला होता की हे सगळे नीट बसवून दे, मग तांत्रिक विभागाची खुर्ची तुझीच.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती शिडीवर चढली आणि मामींनी शिडी धरली. मला भिंतीवर बसवून, तारा जोडून झाल्यावर खरे काम सुरू झाले. मित्रांनो, प्रत्येक तारेचा स्वभाव वेगळा असतो. ती किती लांबून येते, वाटेत किती सांधे आहेत, यावर तो ठरतो. पेटीचा स्वभाव त्या तारेशी जुळला नाही, तर बोलणाऱ्याचा थोडा आवाज तारेच्या तोंडावर आपटून माघारी येतो आणि किंचित उशिराने त्याच्याच कानात पडतो. पलीकडच्याला त्यातले काहीच ऐकू येत नाही. म्हणून भाचीने एकेक लाइन घेतली, फोन लावला, हलकेच ‘आ’ केला आणि डोळे मिटून ऐकले. आकडा बदलला, पुन्हा ऐकले.

मामी खालून म्हणाल्या, “अगं, फोन लावतेयस की वाद्य जुळवतेयस?”

“जुळलं नाही तर दोन्ही सारखंच छळतं, मामी.”

इतके जुळवूनही जो थोडा प्रतिध्वनी उरतो, तो गिळून टाकणे हे माझे काम. इको कॅन्सल नावाची एक सोय माझ्या पोटात आहे. ती चालू असली की मी दिवसभर लोकांचे माघारी येणारे शब्द गुपचूप गिळतो. कोणाला कळतही नाही, म्हणून कोणी आभारही मानत नाही.

काम झाल्यावर मामांनी पहिला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकवले की आवाज कसा घंटेसारखा येतोय, शेवटी आमचीच भाची. मी हिरवे दिवे लुकलुकवले. मूर्ख होतो.

कारण पुढच्याच महिन्यात त्या खुर्चीवर जावईबापू येऊन बसले. ते मामांचे जावई. त्यांचा आधीचा धंदा बसला होता आणि लेकीचा संसार उभा करायचा होता. एवढे सरळ सांगितले असते तरी चालले असते. पण दिलेला शब्द मोडायचा तर काहीतरी कारण लागते, आणि मामांनी ते माझ्यात शोधले. मामांना फोनवर बोलताना चष्मा पुसायची सवय होती. त्यासाठी ते रिसीव्हर खांदा आणि कान यांत धरत, आणि बोलायची बाजू हनुवटीखाली जाई. पलीकडचे म्हणत, जरा मोठ्याने बोला. मामांनी जाहीर केले की पेटीच भिकार आहे, पोरीने काम बिघडवून ठेवले.

माझे नाव डबडे पडले. जावईबापू माझ्या पाठीवर चहाचा कप ठेवू लागले. झरोके झाकले जाऊन मी तापत असे. पण कपाचा राग मी केव्हाच सोडला असता.

भाची दुसरीकडे नोकरी शोधू लागली. लिफ्टचे जग लहान असते. जिथे ती जाई, तिथले लोक मामांना फोन करून विचारत की मुलगी कशी आहे. आणि मामा सांगत. “हुशार आहे हो. पण काम अर्धवट टाकते. आणि आमच्याकडे असताना वायरची बंडलं कमी भरायला लागली. आता घरातली मुलगी, काय बोलणार.”

हे वाक्य माझ्यातून गेले. त्याचे तुकडे मी केले, लाट मी केली, स्वच्छ आणि खणखणीत पोहोचवले मीच. जिने मला बोलायला शिकवले, तिला चोर ठरवायला माझाच आवाज. दोन ठिकाणी असे झाले आणि दोन्हीकडून तिला नकार आला. एकदा तिने मामींना फोन करून विचारले की तिकडे कोणी माझी चौकशी केली होती का. मामी म्हणाल्या, “तू जेवलीस का?”

त्या दिवशी मी ठरवले की मामांना सोडायचे नाही. पण पेटी काय करणार? वाट पाहणार. धीर धरणाऱ्या पेटीचे काम आडमुठी माणसेच करून देतात.

मामांचा आवाज अजून हळूच जात होता, कारण चष्मा पुसणे चालूच होते. जावईबापूंनी एक दिवस माझी सेटिंग उघडली. आवाजाचे दोन्ही आकडे शेवटपर्यंत चढवले. मग त्यांना इको कॅन्सलची ओळ दिसली.

“सापडलं, बाबा. हे बघा, ही पेटीच आवाज कॅन्सल करत बसलीय. म्हणून तर तुमचा आवाज जात नाही.”

“मग बघतोस काय? बंद कर.”

त्यांनी बंद केले. मित्रांनो, मला माझी सेटिंग बदलता येत नाही. पण बंद करवलेले काम आपणहून करायला मी काही संत नाही. मी गिळणे थांबवले.

आता मामा जे बोलत, ते शब्दभर उशिराने त्यांच्याच कानात येऊन पडे. स्वतःचा आवाज असा उशिरा ऐकू आला की जीभ अडखळते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, मेंदूची घडणच तशी आहे. मामा थांबत, पुन्हा सुरू करत, जोर लावत. जितका जोर लावत, तितक्याच जोराने ते परत येई. पलीकडच्याला मात्र एवढेच कळे की एक माणूस चाचरतोय. मामींनाही प्रतिध्वनी येत होता, पण त्या एक वाक्य बोलून थांबत, ते परत आले की पुढचे बोलत. अडकलेल्या माणसाशी त्या आधीपासून तशाच बोलत, धीराने. त्यांचे काम अडले नाही.

आणि मग एका मोठ्या इस्पितळाच्या देखभाल विभागातून फोन आला. प्रमुख बाई बोलत होत्या. भाचीला घ्यायचे होते, फक्त एकदा विचारून घ्यायचे होते.

“हुशार आहे हो,” मामा म्हणाले. *हुशार आहे हो.* “पण ती… पण…” *पण ती.* “वायरची बंडलं… म्हणजे… बंडलं…” *वायरची बंडलं.*

बाई म्हणाल्या, “साहेब, तुम्हाला जे नक्की माहीत आहे तेवढंच सांगा.”

मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी इतका आनंदी कधीच नव्हतो. शेवटी बाई म्हणाल्या की असू द्या, मी तिलाच विचारते, आणि फोन ठेवला.

गिऱ्हाइकांशीही हेच होऊ लागले. ठेके ठरवताना मामा चाचरत, आणि समोरच्याला वाटे की हा काहीतरी लपवतोय. जावईबापूंनी आकडे आणखी वर-खाली केले आणि आगीत तेल पडले. सारे उपाय थकल्यावर मामींनी मामांना न विचारता भाचीला बोलावले.

ती आली. आधी तिने माझ्या पाठीवरचा कप उचलून जावईबापूंच्या हातात दिला. मग मामांचा फोन कानाला लावून हलकेच ‘आ’ केला, आणि तिला सगळे कळले.

“डबडं गेलं का कामातून?” मामांनी विचारले.

“पेटी ठीक आहे, मामा. तुम्ही जे बोलता तेच तुम्हाला ऐकू येतंय.”

मामांनी आवाज चढवून सांगितले की कारणे नको, लगेच दुरुस्त कर. ती खुर्चीत बसली. “करते. आधी इस्पितळातल्या बाईंना फोन लावा, त्यांनी मला सगळं विचारलंय. बंडलांचं जे खरं आहे ते सांगा. मग हात लावते.”

जावईबापू खिडकीकडे बघू लागले. मामा मामींकडे बघू लागले. मामी म्हणाल्या, “एकेक वाक्य बोला. परत आलं की पुढचं. जमतं, सवयीनं.”

मामांनी फोन लावला. चष्मा पुसला नाही, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“बंडलं तिने घेतली नव्हती.” ते परत आले. मामांनी ते ऐकले. “मी खोटं बोललो होतो.” तेही परत आले. मी त्यातले अक्षरही गिळले नाही. “काम तिने चोख केलं होतं.” खोली इतकी शांत होती की रिसीव्हरमधून आलेला मामांचा आवाज मामींच्या टेबलापर्यंत ऐकू गेला.

मग भाचीने आकडे जागेवर आणले आणि माझी सोय चालू केली. जाताना माझ्या झरोक्यांवरची धूळ फुंकली. इस्पितळातली नोकरी तिला मिळाली. ती पुन्हा या कार्यालयात आली नाही, आणि मलाही ते पटले.

आता माझ्या जागी नवी पेटी आहे. मी मामांच्या खोलीतल्या कपाटावर, लिफ्टच्या तुटक्या बटणांच्या ढिगात पडून आहे. मित्रांनो, पेटीवर चहा ठेवू नका, कळत नसलेली सेटिंग बंद करू नका, आणि कोणाच्या माघारी बोलताना लक्षात ठेवा की ते शब्द कोणीतरी वाहून नेत असतो आणि त्याला स्मरण असते. ही विनंती नाही.

मला इथून मामा दिसतात. नव्या फोनवर आवाज अगदी स्वच्छ आहे, प्रतिध्वनीचा मागमूस नाही. तरी मामा एक वाक्य बोलतात आणि थांबतात. काहीच परत येत नाही. ते तरीही कान देऊन बसतात, आणि मगच पुढचे वाक्य बोलतात.