वरची मूठ

चांगदेवना फेस म्हणजे शुद्ध थेरं वाटायची. माणसानं तोंड धुवावं ते पाण्यानं, फार तर आंघोळीच्या साबणानं, असं त्यांचं ठाम मत. त्यांची लेक राही पेणमध्ये एका भाड्याच्या शेडमध्ये चेहरा धुवायची जेल करायला लागली, तेव्हा त्यांनी महिनाभर ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. एका सकाळी मात्र सहज विचारलं, "त्यात घालतंस तरी काय?"

"शुद्ध पाणी, फेस आणणारं द्रव्य, ग्लिसरीन, थोडा वास. आणि शेवटी मीठ."

चांगदेव खाटेवरून उठलेच. "मीठ? त्ये कशाला?"

"घट्ट व्हायला. मीठ नसेल तर ताकासारखी पातळ राहते."

ते आत गेले आणि पोटाशी धरून चिनी मातीची बरणी घेऊन आले. राहीला ती बरणी चांगली ठाऊक होती. नऊ वर्षांपूर्वी खाडीकाठचं त्यांचं मिठागर भरावाखाली गेलं, वर गोदामं उभी राहिली. शेवटच्या हंगामातलं तीन-साडेतीन किलो मीठ तेवढं या बरणीत उरलं होतं. आईला त्यातली चिमूटही मिळत नसे. ती वैतागून म्हणायची, "मीठ हाय का देव हाय?" रोज सकाळी चांगदेव झाकण काढायचे, वास घ्यायचे आणि बरणी परत जागेवर ठेवायचे. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, एवढं घरात सगळ्यांना कळलं होतं.

"ह्ये घाल," ते म्हणाले.

घालणं सोपं नव्हतं. चौलला रुचिका नावाच्या बाईंचं होमस्टे होतं. त्यांना न्हाणीघरात ठेवायला समुद्राच्या मिठाची, पण आरपार दिसणारी जेल हवी होती. बाबांच्या मिठानं ती गढूळ व्हायची. राहीनं मीठ आधी पाण्यात विरघळवलं, फडक्यातून गाळलं, क्षार बांधून ठेवणारी पूड चिमटीनं घालून बघितली. दहा दिवस ती नुसती चमचे आणि वाट्या धूत होती. अकराव्या दिवशी जेल काचेसारखी नितळ उतरली आणि ती एकटीच शेडमध्ये हसली.

पहिला वीस किलोचा घाणा काढायला तिनं मुद्दाम बाबांना आणलं. इस्त्रीचा शर्ट घालून, बरणी पायाशी ठेवून ते पिंपाशेजारी उभे राहिले. राही मिठाचं पाणी थोडं थोडं सोडत होती, घोटणी फिरवत होती.

"एका जागेपर्यंत घट्ट होत जाते," तिनं सांगितलं. "त्याच्यापुढं जरा जास्त गेलं की पार पाणी होतं."

"आमचं पन तसंच," ते म्हणाले. "मिठाच्या कोंडीतलं पानी येळेवर काढलं न्हाय, तं मीठ कडू येतं. थांबायचं कधी, त्ये डोल्यांना कललं पायजे."

तीनशे ग्रॅमवर जेल जमली. घोटणी वर उचलली की धार जड, सावकाश खाली यायची. राही समाधानानं बाटल्या विसळायला बाहेर गेली. परत येऊन बघते तर पिंपात पाणी झालेलं आणि चांगदेव मन लावून घोटणी फिरवतायत.

"बाबा! काय केलंस तू?"

"काय न्हाय. वरची मूठ घातली."

मिठागरावर माप भरलं की त्यावर एक मूठ जास्तीची घालायची, हा त्यांच्या घरातला रिवाज. गिऱ्हाईक ओळखीचं असो, नसो. राही लहानपणापासून बघत आली होती. पण त्या घटकेला तिचं डोकं सटकलं. संध्याकाळी रुचिकाताईंना बाटल्या पोचवायच्या होत्या. नको ते बोलली ती. "इथं मिठागर नाही, कळतं का तुला?" इथपर्यंत बोलली.

चांगदेव पालथ्या क्रेटवर बसले. उजव्या हाताकडे बघत राहिले.

"नऊ वर्सं कोनाला मीठ मापून दिलं न्हाय गं बाय. हात आपसूक ग्येला."

राहीला भडभडून आलं. तोंड फिरवून तिनं मिठाशिवायची सात किलो जेल नव्यानं केली, पिंपात मिसळली, सगळं गाळून घेतलं. खारटपणा उतरला तशी जेल पुन्हा जमून आली. फडक्यावर मिठागराच्या चिखलाचा बारीक करडा थर राहिला होता. चांगदेवनी तो बोटानं चाचपला आणि बोट बराच वेळ पुसलं नाही.

मग राहीनं वजनकाट्यावर वाटी ठेवली. "घाल यात एक मूठ." शहाण्णव ग्रॅम भरली. तिनं भिंतीवरच्या कागदावर लिहिलं: मीठ दोनशे चार ग्रॅम, वर बाबांची मूठ.

तेव्हापासून घाण्याच्या दिवशी चांगदेव बरणी घेऊन, सहा आसनी पकडून पेणला यायचे. दोनशे चार ग्रॅम राही घालायची. मग वेगळ्या पातेल्यातल्या पाण्यात ते आपली मूठ सोडायचे, ती गाळून पिंपात जायची. माल चौलला जातो म्हटल्यावर ते खुलले. "माज्या बापाचं मीठ व्हडीनं जायाचं तिकडं!" घरी बरणी उतरत होती, तसे ते सकाळी झाकण काढेनासे झाले होते. राहीला दिसत होतं. पण बरणी वाचवायला 'आता बाजारचं मीठ घालू' म्हणायचं, तर त्यांचं येणंच थांबलं असतं.

अकराव्या घाण्याला बरणी उपडी करावी लागली. राहीनं आपलं माप काढून घेतलं. तळाशी उरलेलं सगळं मीठ चांगदेवनी मुठीत घेतलं आणि मूठ पातेल्यावर धरली.

ती उघडेना.

राही घोटणी थांबवून उभी राहिली. पिंपातली जेल अजून पातळ होती. बाहेर रस्त्यावरून एक डंपर गेला, मग दुसरा.

"बाय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "ही ऱ्हाऊं दे का?"

आयुष्यभर अनोळखी माणसांच्या मापावर मूठ रिती करणारा आपला बाप आज एका मुठीसाठी तिला विचारत होता. राहीच्या डोळ्यांना धार लागली.

"राहू दे, बाबा."

ते तसेच, मूठ छातीशी धरून, रस्त्यावर गेले. सहा आसनीत चढताना त्यांनी एकाच हातानं दांडा पकडला. गाडी वळेपर्यंत राही दारात उभी होती. मग आत येऊन तिनं बाजारच्या मिठाची पिशवी फोडली, शहाण्णव ग्रॅम मोजलं आणि पातेल्यात टाकलं.