नव्या ठाण्याची पहिली तक्रार

बोईसरच्या कारखान्यांमागे नवं पोलीस ठाणं सुरू झालं ते एका भाड्याच्या गाळ्यात. पाटी लागली, नारळ फुटला. पण गाडी मिळाली नव्हती, कोठडी बांधायची होती. दुसऱ्याच दिवशी साहेब बंदोबस्तासाठी कोळगावला गेले आणि मागे उरली एकटी प्रेमला, एडवणची, नुकतीच भरती झालेली शिपाई.

दुपारी गोजराबाई धापा टाकत आली. जालन्याकडची बाई, कारखान्यात पॅकिंगला जायची. तिची सोळा वर्षांची अपेक्षा सकाळी नळावर गेली ती परतलीच नव्हती. शेजारणीने तिला मुकादम बन्सीच्या टेम्पोत चढताना पाहिलं होतं. गोजराबाईने आधी जुनं ठाणं गाठलं, तर तुमची चाळ आता नव्या हद्दीत, म्हणून त्यांनी इकडे पिटाळलं.

प्रेमलाने जुन्या ठाण्याला फोन करून निदान गाडी तरी मागितली. त्यांनी हात वर केले. साहेबांचा फोन लागेना, आणि ठाणं सोडायचं नाही हा त्यांचाच हुकूम. गोजराबाई फरशीवर बसली.

"बाई, तो पोरींला सुरतेला नेतो म्हणत्यात. एकदा गुजरातेत गेली की मला कोण दावील तिला?"

प्रेमलाने शटर ओढलं. "चला मावशी."

नाक्यावरच्या रिक्षावाल्या सुजितला घेऊन हायवेवरचं मनोर गाठेपर्यंत गोजराबाईचा घसा बसला होता. दिसेल त्या टेम्पोला ती हाक मारत होती. हायवेवरचे ढाबे पालथे घातले. काहीच नाही. परत फिरताना पंपावर गॅसच्या रांगेत बन्सीचा टेम्पो दिसला. सुजितने खिडकीतून हात घालून किल्ली काढली, पंपावरच्या पोरांनी बन्सीला धरलं.

मागे ताडपत्रीखाली अपेक्षा होती, आणखी दोघी होत्या. गोजराबाई झेपावली, तशी पोर मागे सरकली.

"मी माझ्या पायांनी आले. मला चाळीतल्या त्या खोलीत परत नाही यायचं."

गोजराबाईचा हात तसाच हवेत राहिला.

बन्सीला ठाण्यात आणून खिडकीच्या गजाला बांधलं. साहेब आले, त्यांनी आधी विचारलं, ठाणं कोणाच्या भरवशावर सोडलं होतंस. नव्या ठाण्याचा पहिला गुन्हा नोंदला गेला, आणि ठाणं सोडल्याबद्दल प्रेमलाला मेमोही मिळाला. बाकावर मायलेकी शेजारी बसल्या होत्या. अपेक्षा भिंतीकडे बघत होती आणि गोजराबाईने तिच्या ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.