तळघरातले भूकिरण

ग्रंथालयाच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओले बूट, जाड कोट, कॉफीचे थर्मास, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटासमोर जमिनीखालचं पाणी शोधणारा एन्सिओ कुरोनेन तांब्याच्या दोन वाकवलेल्या काड्या धरून उभा होता. काड्या हळूहळू एकमेकींकडे वळल्या आणि एकमेकींवर आडव्या आल्या. एन्सिओने डोळे मिटले.

"मंडळी, हीच जागा. हिच्या खाली पाण्याची शीर आहे, आणि त्या शिरेतून भूकिरण वर येतात. त्यांच्यामुळे माणसाला संधिवात होतो आणि यंत्राला विस्मरण."

मग त्याने कपाटाभोवती तांब्याची जाळी गुंडाळली, शिशाचं सील ठोकलं आणि यंत्राचं बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. नंतर स्पीकरमधून एका म्हातारीचा आवाज आला, कापरा आणि लांबवलेला. ती पालागा, आणि ते तिचं विलापगीत. घर सोडून निघताना तिने ते उंबऱ्यावर उभं राहून म्हटलं होतं आणि म्हातारपणी टेपवर पुन्हा गायलं होतं. तिची मुलगी राइली पुढच्या रांगेत बसली होती. तिने तोंडावर हात धरला. मागे कुणीतरी हुंदका दिला, आणि मग सगळं तळघरच रडायला लागलं.

राइली आमच्या बोली-मंडळाची अध्यक्ष. युद्धात सीमा सरकून शेजारच्या देशात गेलेल्या करेलियन गावांतून जी माणसं इकडे आली, त्यांचे आवाज मंडळाने त्या कपाटातल्या सर्व्हरमध्ये साठवले होते. मूळ टेपांना बुरशी लागली म्हणून त्या केव्हाच टाकून दिल्या होत्या. बोलणारे तर त्याआधीच गेले होते. ऑक्टोबरच्या वादळात वीज गेली. ती परत आली, पण सर्व्हर काही उठेना. नुसता पीं-पीं करत राहिला.

मी इथल्या शाळेत गणित शिकवते आणि शाळेचे सर्व्हरही सांभाळते. वादळ झालं तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणासाठी ओउलूला होते. परतले तोवर एन्सिओला बोलावणं गेलं होतं. जाळी गुंडाळली त्या दिवशी सकाळभर तो दार लावून एकटाच आत बसला होता. शंकेखोर मनं जवळ असली की किरण बिथरतात, असं त्याचं म्हणणं.

गर्दी ओसरल्यावर मी राइलीला म्हणाले की मला स्क्रीन एकदा बघू दे. त्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. एक गेली तर दुसरीवर काम चालतं, पण गेलेली लगेच बदलावी लागते. वादळात एक गेली असणार, असा माझा अंदाज होता.

एन्सिओ हसला. "बघ की. फक्त सील तोडलंस तर पुढचं तुझ्या डोक्यावर."

"सिर्का," राइली म्हणाली, "आईचा आवाज ऐकलास ना? मग आणखी काय बघायचंय तुला?"

या प्रश्नावर भांडता येत नाही. मी घरी गेले.

हिवाळाभर गावातल्या निम्म्या पलंगांखाली तांब्याची जाळी पसरली. एन्सिओच्या गाडीला नवे टायर आले. ग्रंथालयासमोर राहणाऱ्या विल्योने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या, कारण जाळी होतीच. मार्चमध्ये त्याला अँब्युलन्समधून न्यावं लागलं. तो वाचला, पण उजवा हात लुळा पडला. त्यानंतर मंडळाने मला निरोप पाठवला की तुला जे दाखवायचं आहे ते दाखव.

मी शाळेतला एक जुना सर्व्हर आणला. दोन डिस्कचा, तसाच. सगळ्यांदेखत एका डिस्कची वायर उपटली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. ते अर्ध्यावर अडलं आणि पीं-पीं करू लागलं. मी डोक्यावरची लोकरी टोपी काढून त्याच्यावर ठेवली. मग कीबोर्डवर एक ओळ टाइप केली : एकच डिस्क आहे, तिच्यावर चालव. दुसरी ओळ टाइप केली : धोक्याची सूचना बंद. आवाज थांबला आणि स्पीकरमधून शाळेच्या वाद्यवृंदाचं गाणं सुरू झालं.

"माझ्या टोपीनेही भूकिरण अडतात," मी म्हणाले. "डिस्क मात्र अजून मेलेलीच आहे."

मग मी एन्सिओच्या काड्या राइलीच्या हातात दिल्या आणि मनगट केसभर आत झुकवायला सांगितलं. काड्या वळल्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली. एन्सिओ भिंतीला टेकून उभा होता. मी विचारल्यावर त्याने कबूल केलं की पूर्वी तो कुओपिओ शहरात संगणक दुरुस्त करायचा. म्हणाला, मी फक्त लोकांना धीर दिला.

मग सील तोडलं, जाळी काढली आणि मंडळाच्या सर्व्हरला स्क्रीन जोडली. डिस्क जागेवर असेल तर तिथे एक अक्षर दिसतं. पहिल्या जागी अक्षर होतं, दुसऱ्या जागी नुसती आडवी रेघ. सूचनाही बंद केलेली होती.

"म्हणजे हिवाळाभर आई एकाच डिस्कवर होती?" राइलीने विचारलं.

"हो."

नवी डिस्क मी बरोबर आणली होती. पण ती बसवायच्या आधी आहे त्या डिस्कवरून बाहेर नक्कल काढायला घेतली, म्हणजे निदान तेवढं तरी हाती लागेल. काही आवाज आले. मग डिस्क कटकट करायला लागली. हिवाळाभर सगळा भार तिने एकटीने ओढला होता. यंत्र पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहिलं आणि शेवटी थांबलं. पालागाची फाइल आली नाही. पुढे हेलसिंकीतल्या तज्ज्ञांनी डिस्क उघडून पाहिली, तर तबकडीवर चरे पडले होते.

त्या दिवशी तळघरात मात्र एन्सिओ हळूच म्हणाला, "सील तोडू नका, असं मी सांगितलं होतं."

आणि होकाराच्या माना हलल्या. ज्यांनी आत्ताच माझी टोपी पाहिली होती, त्यांच्याच. एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "चाललं होतं ते बरं होतं." मला त्या वेळी जो राग आला तो एन्सिओचा नव्हता, त्या हलणाऱ्या मानांचा होता.

राइलीने हात वर केला. "सिर्का, खरं सांग. सील तसंच ठेवलं असतं तर?"

"तरी गेलीच असती. आज नाही तर महिन्याभराने."

"आणि ऑक्टोबरमध्ये नवी डिस्क घातली असती तर?"

मला गप्प बसायचं होतं. पण विचारणारी ती होती.

"तर पालागाचा आवाज आज असता. एका दुपारचं काम होतं."

राइली उठली आणि लोकांकडे वळली. "यंत्र ओरडत होतं, ते ह्याने गप्प केलं. आपण त्याला बरं झालं म्हणालो. मी तर ह्याला कॉफी पाजली." एवढं बोलून तिने कोट घातला आणि जिना चढून निघून गेली.

एन्सिओला कुणी काही केलं नाही. सध्या तो शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात पाण्याच्या शिरा शोधतो आहे, असं ऐकते. राइली आईचं गीत स्वतः म्हणून बघते. शब्द आठवतात, चाल मध्येच तुटते.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. दुखणं गप्प झालं म्हणजे ते गेलं, असं नसतं. डिस्कचं असो, रक्तदाबाचं असो, कशाचंही असो, कुणी बरं केलं म्हणाला तर काय बिघडलं होतं आणि काय बदललं, हे त्याला विचारा. आत बघू नका म्हणाला, तर त्याच क्षणी बघा. त्याचा अपमान होईल म्हणून थांबू नका. आम्ही थांबलो होतो.