कच्चा कोबा

गुरुदत्त मास्तरांना कोणी सहज जरी विचारलं, "घराचं काम कुठवर आलं?" तरी त्याची धडगत नसे. मास्तर त्याला हाताला धरून शिडीवरून थेट वर नेत. डोंबिवलीत तेव्हा कौलारू घरंच जास्त, स्लॅबचं घर म्हणजे अप्रूप. शाळेत चित्रकला शिकवणारे हे गृहस्थ गवंड्याकडून आज जे ऐकत, ते उद्या वाडवडिलांकडून आलेली विद्या असल्याच्या थाटात लोकांना ऐकवत.

"स्लॅब पाणी अडवतो हा शुद्ध गैरसमज आहे," ते सांगत. "स्लॅब नुसता भार पेलतो. पाणी अडवतो तो वरचा कोबा. विटांचे तुकडे आणि चुना. त्याला असा ढाळ द्यायचा, म्हणजे उतार, की पाणी आपोआप त्या पन्हळीकडे पळतं. आणि भिंत गच्चीला मिळते ना, तिथला कोपरा गोल भरून घ्यायचा. याला वाटा म्हणतात. काटकोन ठेवलात की पाणी तिथे ठाण मांडून बसलंच समजा."

"आणि कोबा पक्का झाला, हे कळतं कसं?"

"गुळाचं पाणी शिंपडत लाकडी थापीनं बडवायचा. थापी टणकन उसळायला लागेपर्यंत. मध्येच सोडलात तर गच्चीची चाळण!"

लोक मागे हसत. हसोत बापडे. मास्तरांचा हा खटाटोप हौसेचा नव्हता. त्यांच्या बायकोची, वासंतीची, छाती अधू होती. कौलं दरसाल शाकारूनही श्रावणात भिंतींना ओल यायची आणि वासंती अंथरूण धरायची. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, "औषध मी देतो, कोरडी खोली तुम्ही द्या. आणखी एक ओला पावसाळा त्यांना झेपणार नाही."

स्लॅब भरेपर्यंत वासंती कल्याणला नणंदेकडे राहिली. पण खोकणारं माणूस कोण किती दिवस ठेवून घेणार? वैशाखात ती परत आली, आणि तेव्हाच कोब्याचं काम निघालं. आसपासच्या गावांतल्या बायका ओळीनं बसून थापीच्या तालावर गाणी म्हणत कोबा बडवू लागल्या. पहिला सूर शेवंती धरायची, बाकीच्या मागून उचलायच्या. वासंतीला त्रास नको म्हणून मास्तरांनी स्वयंपाकघराच्या बाजूनं सुरुवात करायला सांगितली. तिची खोली शेवटी.

शेवटी ती पाळी आलीच. दुपारी मास्तर बाजारातून आले, तर खाटेशेजारचं फुलपात्र प्रत्येक घावासरशी थरथरत होतं. वासंती भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे मिटलेले, उशी ओली. मास्तर तसेच शिडी चढून वर गेले.

"बास! थांबवा सगळं!"

सहदेव गवंडी उठून उभा राहिला. "मास्तर, एवढा तुकडा अजून कच्चा हाय. थापी उसळत नाय. तुम्हीच तर समद्यांना सांगता."

"सांगतो. पण खाली माझं माणूस सोसतंय."

"दोन दिस कळ काढा. एकदा चुना धरला का मंग बडवून उपेग नाय. फोडूनच काढावा लागंल."

"वरून डांबर ओत," मास्तर म्हणाले.

जखम मांडीला, मलम शेंडीला! माया आंधळी असते म्हणतात. ती तशी असती तर एक वेळ क्षमा होती. मास्तरांना सगळं दिसत होतं, आणि तरी त्यांनी बायकांना घरी पाठवलं.

आषाढात सगळं घर खडखडीत होतं, आणि वासंतीच्या खाटेवरच छताला डाग पडला. आठवड्याभरात तो ठिबकू लागला. खाट स्वयंपाकघरात हलवली, तिथे चुलीचा धूर. खोकला काही केल्या थांबेना. एका संध्याकाळी तिची पाठ चोळता चोळता मास्तरांचा बांध फुटला.

"तुझे हाल बघवेनात गं. डोक्यावर ते घाव, आणि तू रडत होतीस. म्हणून थांबवलं मी."

वासंतीनं त्यांचा हात धरून थांबवला.

"अहो, मी त्या गाण्यांनी रडत होते. आई जात्यावर म्हणायची, तसलंच काहीसं होतं ते. माझ्या खोकल्याला भिऊन आताशा कोणी बाई उंबरा ओलांडत नाही. किती दिवसांनी घरात बायकांचे आवाज आले होते. बरं वाटत होतं हो मला." तिला धाप लागली. "विचारायचंत तरी."

ती रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. ती रागावली नाही. गौरी यायच्या आधीच ती गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांनी तो तुकडा फोडून नवा कोबा घातला आणि थापी उसळेपर्यंत बडवून घेतला. त्यानंतर त्या खोलीत थेंब म्हणून पडला नाही. खोलीत कोणी राहत नव्हतं.

असंच एकदा आंबिवलीहून विश्राम नावाचे गृहस्थ आले. त्यांना स्लॅब घालायचा होता. मास्तरांनी त्यांना वर नेलं, ढाळ दाखवला, वाटा दाखवला. पूर्वीसारखं रंगवून मात्र काही सांगितलं नाही.

"कोबा बडवताना फार दणके बसतात म्हणे," विश्राम म्हणाले. "आमची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला सोसेल का? थोडक्यात आवरता येईल?"



"आईंनाच विचारा," मास्तर म्हणाले. "मी विचारलं नव्हतं."