बायकांच्या बाजूची भिंत

मी बोलतेय, आणि मी बोलायचं नव्हतं. या घरात ज्याला आतून अगदी राहवत नाही तोच उठून बोलतो. बाकीचे तासभर गप्प बसतात. मी तर लाकडाची भिंत. तीनशे वर्षं गप्पच होते. पण आज राग आवरत नाही.

हे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांचं सभाघर. ते स्वतःला 'मित्र' म्हणवतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या या दरीतल्याच दगडांनी बांधलेलं, लांबून गोठाच वाटावा असं. कळस नाही, घंटा नाही, वेदी नाही. खिडक्या मुद्दाम उंच ठेवल्यात, म्हणजे बसलेल्याचं लक्ष बाहेरच्या मेंढ्यांकडे जाऊ नये. आत नुसती बाकं, आणि एका टोकाला पायरीभर उंचावर ज्येष्ठांचं बाक. इथे अहो-जाहो नाही. पहिल्या मित्रांनी न्यायाधीशालाही 'तू' म्हटलं, त्याच्यापुढे टोपी काढली नाही, म्हणून तुरुंगात गेले. सगळी माणसं सारखी, असं ते म्हणायचे.

आणि मग त्यांनी घराच्या मधोमध मला उभं केलं!

माझ्या फळ्या ओकच्या. माळ्यावरचा रहाट फिरवला की दोरांवर मी वर जाते. मग रविवारी सगळे एकत्र शांत बसतात. महिन्याच्या कामकाजाला मात्र मला खाली सोडायचे. एका बाजूला पुरुषांची सभा, दुसरीकडे बायकांची. मधे माझ्यात वीतभर झडप, चिठ्ठ्या द्यायला. पलीकडे बायका स्वतः ठराव लिहीत, कैद्यांच्या घरी धान्य पोचवत, लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलीला विचारत, "तुझ्या मनात आहे ना गं हे?" त्या काळी दरीत दुसऱ्या कुठल्या बाईला विचारत होतं कोण?

पण शेकोटी फक्त पुरुषांच्या बाजूला होती. एका हिवाळ्यात तबिथा हॉक्सवेलने चिठ्ठी दिली, की आमच्या बाजूलाही एक बांधा, शाई गोठते. पुरुषांनी महिनाभर विचार केला. मग त्यांच्या चिटणिसाने बसल्या जागेवरून विचारलं, "बायकांना खरंच शेकोटी हवी आहे का?" झडप बंद होती. पलीकडे कुणालाच ऐकू आलं नाही. उत्तर आलं नाही, म्हणून त्याने वहीत लिहिलं, 'स्त्रिया समाधानी आहेत.' नव्वद वर्षं त्या बाजूला शेकोटी झाली नाही. मी ओरडायला हवं होतं. माझ्या फटीतून वारा तेवढा शिरत राहिला.

असं होऊ शकलं, कारण इथे मतदान नसतं. सगळे शांत बसून वाट पाहतात, आणि एकमत झालं असं वाटलं की चिटणीस ठराव लिहून वाचतो. एकाचंही मन मानत नसेल तर ठराव थांबतो. फार सुंदर रीत आहे. पण गप्प बसलेलं माणूस काय म्हणतंय, ते ओळखायला धीर लागतो.

गेल्या महिन्यात आताच्या चिटणिसाने, बर्नार्ड थिसलथ्वेटने, विचारलं, "ही भिंत काढून हॉटेलवाल्यांना द्यायची का? त्यांना जेवणाच्या खोलीत लावायची आहे. आपल्यालाही जागा मोकळी होईल."

शांतता. विनिफ्रेड एरी तिसऱ्या बाकावर बसली होती. एकाहत्तर वर्षांची, जुन्या वह्या तिच्याइतक्या कुणीच वाचलेल्या नाहीत. चारचौघांत उठून बोलायला तिला वेळ लागतो. ती बाकाची कड धरून उठतच होती. बर्नार्डने लेखणी उचलली. 'एकमत आहे.' दोघेतिघे "तसंच असो" म्हणाले, आणि झालं.

चहाच्या वेळी ती त्याच्यासमोर उभी राहिली. "मी गप्प होते, बर्नार्ड. हो म्हणाले नव्हते."

"अगं, मग तेव्हाच बोलायचंस ना!"

"अर्धा मिनिट दिलास तू. दर रविवारी देवासाठी तासभर थांबतोस, आणि माझ्यासाठी अर्धा मिनिट?"

"विनी, जुन्या फळ्या आहेत गं त्या. किडीलासुद्धा नको झाल्यात."

"तू तबिथाच्या वेळचा चिटणीस शोभतोस," ती म्हणाली, आणि कप तसाच ठेवून निघून गेली.

आज पुन्हा सभा. उद्या सुतार येणार. पण सकाळीच विनिफ्रेड आठ बायका घेऊन आली. चौघी माळ्यावर चढल्या, गंजलेल्या रहाटाला तेल पाजलं आणि मला खाली सोडलं. साठ वर्षांनी! पुरुष आले तेव्हा मी बंद.

बर्नार्डने झडपेवर टकटक केली. "विनिफ्रेड? हे काय चाललंय?"

"बायकांची सभा."

"ती मोडून जमाना झाला!"

"मोडताना आमचं गप्प बसणं लिहून घेतलं असेल कुणीतरी," पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि नऊही जणी हसल्या.

"किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा. बस खाली."

तो बसला. पाऊण तास दोन्ही बाजूंनी कुणी बोललं नाही. मग झडप उघडली आणि विनिफ्रेडने चिठ्ठी पुढे केली. बर्नार्डने ती मोठ्याने वाचली. 'आमचं मन मानत नाही. भिंत राहील. आम्ही नऊ जणी.'

त्याचा हात लेखणीकडे गेला, आणि थांबला. त्याने लेखणी खाली ठेवली. "कुणाला अजून काही म्हणायचंय?" त्याने विचारलं, आणि या खेपेला तो वाट पाहत राहिला. शेवटी त्याने वही उघडली आणि गेल्या महिन्याच्या ठरावावर आडवी रेघ मारली.

मी वाचले. तुम्हाला वाटेल, आता हिचा राग गेला असेल. नाही गेला. तबिथाच्या बोटांचं काय? त्या नव्वद हिवाळ्यांत पलीकडे बसून ज्यांनी गोठत्या शाईने ठराव लिहिले, त्या एकेकीचं नाव मला माहीत आहे, आणि आज मी ती सगळी सांगणार आहे. पहिली तबिथा, दुसरी तिची जाऊ मर्सी, तिसरी—

"चला गं, ओढा तिला वर," विनिफ्रेड म्हणाली. "आता समोरासमोर बसू."

माळ्यावरचा रहाट करकरला. थांबा, तिसरी होती ती—